फळ्यावर पाऊस नाही

वेबसाईट बनवणाऱ्या माणसांना स्वस्थ बसवत नाही. माझं हे मत १९९९ साली तयार झालं, आणि ते बदलावं असं त्यांच्या हातून अजून काही घडलेलं नाही. चांगलं चाललेलं पान असतं. डावीकडे गावाचं नाव, पुढे तापमान, पुढे दमटपणा, मग वारा, आणि शेवटी पाऊस येणार की नाही. माणसाला कळतं, मशीनला कळतं. मग त्यांच्यातला कुणीतरी एक दिवस सकाळी उठतो आणि त्याला वाटतं, या पानावर एक हसरा सूर्य पाहिजे.

मी तेव्हा सांगलीतल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबमध्ये असिस्टंट होतो. असिस्टंट म्हणजे पोरांनी पळवलेले माउसमधले गोळे शोधायचे, फ्लॉपीतले व्हायरस मारायचे आणि प्राध्यापकांना त्यांचाच पासवर्ड पुन्हा सांगायचा. अख्ख्या कॉलेजात इंटरनेटचं कनेक्शन एकच. विभागप्रमुखांच्या मते इंटरनेट ही सांभाळून वापरायची वस्तू होती, त्यामुळे माझ्या वाट्याला रोज सकाळी पंधरा मिनिटं यायची. मोडेम किंचाळायचा, तीनदा फोन लागायचा नाही, चौथ्यांदा लागायचा. उरलेल्या आठ-दहा मिनिटांत माझा प्रोग्राम आपलं काम करायचा.

प्रोग्रामचं नाव ‘पाऊसपाणी’. हौसेचं काम, कुणी सांगितलं नव्हतं. परदेशातली एक हवामानाची साईट होती. त्यांना सांगली माहीत नव्हती, तासगाव तर नव्हतंच, पण मिरज माहीत होतं. मिरजेवर येणारा पाऊस आमच्याकडे यायला फार आढेवेढे घेत नाही. माझा प्रोग्राम ते पान उतरवून घ्यायचा, त्यातली मिरजेची ओळ शोधायचा, शेवटचे तीन आकडे उचलायचा आणि स्क्रीनवर दाखवायचा. ते आकडे मी फोन करून गावी सोसायटीत सांगायचो. तिथला सेक्रेटरी मानसिंग ते फळ्यावर लिहायचा.

आमचं गाव तासगावच्या पुढे एसटीनं पाऊण तास. तिथं फेब्रुवारी लागला की ज्याच्या त्याच्या डोक्यात बेदाणा. द्राक्षाचे घड कापायचे, पोटॅश आणि तेलाच्या पाण्यात बुडवायचे, शेडमध्ये एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर पसरायचे आणि बारा-पंधरा दिवस वाट बघायची. शेडला वर छप्पर असतं, पण बाजू उघड्या, वारा खेळायला. त्या बारा दिवसांत वळवाची एक सर आडवी आत घुसली की माल काळा पडतो. बाजूंना ताडपत्र्या सोडल्या तर वाचतो. ताडपत्र्या सोसायटीच्या होत्या, अठरा. ज्याला पाहिजे त्यानं मागून न्यायच्या. पण पाऊस नसताना त्या सोडून बसलं तर वारा अडतो आणि माल वाळत नाही, त्यामुळे उगाच कुणी मागत नसे. म्हणजे कळायला पाहिजे होतं ते एवढंच, की उद्या सोडायच्या का नाही.

हे मी घरबसल्या सांगू शकतो, असं मला वाटलं. मला तेव्हा बरंच काही वाटायचं.

फळ्यावर सगळ्यात खाली एक ओळ असायची. ‘माहिती : नागसेन जालिंदर कांबळे’. ही ओळ लिहायची अट मीच मानसिंगला घातली होती. सोसायटीला पाच पायऱ्या आहेत. माझे वडील, जालिंदर कांबळे, त्या पायऱ्या कधी चढले नाहीत. काम असलं की खाली उभं राहायचे, आणि वरून कुणाला सवड झाली की त्यांचा कागद हातात यायचा. कुणी चढू नका असं म्हणत नव्हतं, आणि या असंही म्हणत नव्हतं. त्या पायऱ्यांच्या वर, सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर, त्यांचं नाव रोज सकाळी खडूनं लिहिलं जात होतं. हवामानाचं मला फारसं काही नव्हतं. मला ती शेवटची ओळ हवी होती.

आता त्या साईटवाल्यांचा पराक्रम सांगतो. फेब्रुवारीत त्यांनी पानाचे तीन तुकडे केले, माझा प्रोग्राम भलत्याच तुकड्यात मिरज शोधत बसला. दोन दिवस खपून मी तो दुरुस्त केला. मग त्यांनी रकान्यांची उलटापालट केली. त्या दिवशी माझ्या प्रोग्रामनं तापमान उचलून दमटपणा म्हणून सांगितलं, आणि ते तापमानही त्यांच्या देशाच्या मापात. फळ्यावर दमटपणा शहाण्णव. गावात त्या दिवशी ओठ फुटतील इतकी कोरडी हवा होती. मग तो हसरा सूर्य आला. तो डोळा मारायचा. कुणासाठी मारायचा देव जाणे, पण त्याच्या येण्यानं मिरज सातव्या ओळीवरून अकराव्या ओळीवर गेलं आणि माझी एक रविवारची सुट्टी गेली.

मी त्यांना पत्र पाठवलं. अदबीनं लिहिलं, की आपल्या पानावर एक गाव अवलंबून आहे, तरी बदल करण्याआधी कळवावं. उत्तर आलं, की आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आभारी आहोत आणि आम्ही सतत सुधारणा करत असतो. ते पत्रही कुण्या मशीननंच लिहिलं असावं. माणसानं लिहिलं असेल तर त्याचं काही खरं नाही.

या सगळ्या सुधारणांच्या काळात एकदा असं झालं, की सकाळची पंधरा मिनिटं संपली आणि प्रोग्रामला काहीच सापडलं नाही. मी मानसिंगला फोन केला.

“आज माहिती नाही,” मी म्हणालो.

“मग काय लिवू?”

“तेच लिहा. आज माहिती नाही.”

मानसिंगनं तेच लिहिलं. वळणदार अक्षरात, मधोमध. आणि खाली नेहमीसारखं नाव. ‘आज माहिती नाही. माहिती : नागसेन जालिंदर कांबळे’. मानसिंग सकाळी लिहितो ते दुसऱ्या सकाळीच पुसतो, त्यामुळे ते दिवसभर तसंच राहिलं. भाऊसो म्हणजे गावातला मोठा बागायतदार, त्याच्या चार शेड. तो पायऱ्यांवर बसून म्हणाला म्हणे, “माहिती न्हाई हे सांगाया काम्पुटर कशाला पायजे रं? ते तर आमच्या केरबालाबी सांगता येतंय.” केरबा त्याचा गडी. पायऱ्या हसल्या. शनिवारी मी गावी गेलो तेव्हा एसटीतून उतरल्यापासून घरापर्यंत तिघांनी मला विचारलं, काय गड्या, आज तरी माहिती हाय का?

मला हसणं सहन होत नाही. हे आमच्या घरात आहे. वडील त्यावर मुकाट व्हायचे, मी त्यावर प्रोग्राम लिहिला. सोमवारी लॅबमध्ये बसून चार ओळी वाढवल्या. पानात आकडा सापडला नाही तर शेवटचा सापडलेला आकडा दाखवायचा. बस्स. फळा आता कधी कोरा राहणार नव्हता आणि साईटवाल्यांनी खुशाल आपले सूर्य नाचवावेत. त्या चार ओळी लिहून झाल्यावर मी स्वतःवर इतका खूश झालो, की कँटीनमध्ये जाऊन दोन चहा प्यालो.

हवा काही रोज बदलत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. एक-दोन दिवसांचा जुना आकडा चालून जाईल, तोवर मी दुरुस्ती करीन. आकडा जुना आहे हे स्क्रीनवर कुठं दाखवायची सोय मी ठेवली नाही. दाखवायचं कुणाला? बघणारा मीच होतो.

त्या वर्षी आमचीही बाग पहिल्यांदा धरली होती. आमची म्हणजे माझ्या बहिणीची, अंजनाआक्काची. दीड एकर रान. वडिलांच्या हयातीत त्यात ज्वारीशिवाय काही आलं नाही. वडील गेल्यावर आक्कानं तिथं द्राक्ष लावायचं काढलं, तेव्हा गाव तिला समजावायला आलं. बाग म्हणजे लेकराचं आजारपण, आक्का, तुमास्नी न्हाई जमायचं. ‘तुमास्नी’ म्हणजे नक्की कुणाला, ते कुणी फोडून सांगितलं नाही. आक्कानं तीन वर्षं बाग जगवली. मार्चच्या शेवटी निम्मी बाग कापून माल भाऊसोच्या रानाशेजारच्या एका छोट्या शेडमध्ये टाकला, निम्मी अजून वेलीवर. तिचं एकच म्हणणं होतं. चौदा एप्रिलला जयंतीच्या दिवशी वस्तीत जी खीर होते, तिच्यात या साली दुकानातला बेदाणा पडायचा नाही. आपल्या बागेतला पडायचा. आणि तासगावला पहिली पेटी जाईल तिच्यावर नाव जालिंदर कांबळे.

माल हिरवा-पिवळा वाळत होता. आक्का दर शनिवारी मला एक मणी चाखायला द्यायची आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची.

एप्रिलच्या दोन तारखेला कॉलेजनं मला परीक्षेच्या कामाला साताऱ्याला पाठवलं. पाच दिवस. प्रॅक्टिकलला पन्नास पोरं, चालू मशीन अकरा, आणि बाहेरून आलेले परीक्षक प्रत्येक पोराला एकच प्रश्न विचारत होते, कारण त्यांना तेवढा एकच येत होता. निघताना ‘पाऊसपाणी’ मी मिस्बाहकडे सोपवलं. मिस्बाह बागवान आमच्या लॅबमध्ये इन्स्ट्रक्टर होती, माझ्यानंतर लागलेली, माझ्यापेक्षा जास्त शिकलेली. हे दुसरं मी तेव्हा कबूल केलं नसतं.

“सकाळी हा प्रोग्राम चालवायचा, आकडे येतील ते सोसायटीत फोन करून सांगायचे. बाकी कशाला हात लावायचा नाही,” मी तिला सांगितलं.

“साईट उघडून बघायची नाही?”

“कशाला? तेवढ्यासाठीच तर प्रोग्राम आहे, मॅडम.”

पाच तारखेला साताऱ्यात परीक्षा केंद्राच्या ऑफिसात माझ्यासाठी फोन आला. मिस्बाह होती.

“सर, मला एक शंका आहे. चार दिवस झाले, आकडे तेच येतायत. दमटपणा एकतीस, वारा नऊ, पाऊस नाही. रोज एकतीस, रोज नऊ.”

मी हसलो. मोठ्यानं, ऑफिसातल्या कारकुनालाही ऐकू जाईल असा. “मॅडम, एप्रिल महिना आहे. एप्रिलमध्ये सांगली जिल्ह्यात हवा काय रोज नवीन साडी नेसते?”

“पण इथं आज ढग आहेत, सर. आणि उकडतंय फार.”

“ढग तुम्ही खिडकीतून बघताय. त्या साईटवाल्यांकडे उपग्रह आहेत.”

ती म्हणाली, “बरं सर,” आणि फोन ठेवला. ज्या साईटला मी तीन महिने शिव्या घालत होतो, तिच्या उपग्रहांचा दाखला मी एका शिकलेल्या बाईला गप्प करायला वापरला, हे माझ्या त्या वेळी लक्षातही आलं नाही. कारकून माझ्याकडे कौतुकानं बघत होता. मला बरं वाटलं.

सहा तारखेला दुपारी चार वाजता वळीव आला.

मला ते सात तारखेला सकाळी सांगलीत लॅबमध्ये पाऊल टाकल्यावर कळलं. मिस्बाह मशीनसमोर बसली होती. आज तिनं मला न विचारता साईट उघडली होती. तिनं खुर्ची बाजूला सरकवली आणि मी बघितलं.

दोन तारखेपासून पान पुन्हा बदललं होतं. या वेळी त्यांनी आकडेच काढून टाकले होते. आकड्यांच्या जागी चित्रं आली होती, प्रत्येक गावापुढे पाच दिवसांची पाच चित्रं. माझ्या प्रोग्रामला चित्रं वाचता येत नाहीत. तो बिचारा रोज आकडा शोधायचा, सापडायचा नाही, मग मी शिकवल्याप्रमाणे एक तारखेचा आकडा काढून द्यायचा. मिरजेपुढे आजच्या, म्हणजे सात तारखेच्या जागी ढग होता. त्या ढगातून तीन निळे थेंब पडत होते. पडायचे, नाहीसे व्हायचे, पुन्हा पडायचे. शाळेत न गेलेल्या लेकरालाही कळलं असतं.

“कालच्या जागीही हेच असणार,” मिस्बाह म्हणाली. “पाच दिवस पुढचं दाखवतात, सर. दोन तारखेला उघडलं असतं तर तेव्हाच दिसलं असतं.”

‘मी म्हटलं होतं’ असं ती म्हणाली नाही. तसं म्हणाली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

“सोसायटीतून फोन आला होता,” ती पुढे म्हणाली. “मानसिंगराव. तुमच्या बहिणीच्या शेडमध्ये पाणी गेलंय म्हणाले.”

दुपारी गावात उतरलो तेव्हा सोसायटीच्या पायऱ्यांखाली अजून चिखल होता. ओसरीवर फळा जसाच्या तसा. दमटपणा ३१, वारा ९, पाऊस : नाही. माहिती : नागसेन जालिंदर कांबळे. पायऱ्यांवर मानसिंग आणि भाऊसो बसले होते. भाऊसोचा पाय चिखलात होता आणि तो पायानंच चिखल उकरत होता. मी मनाशी सगळं जुळवून आलो होतो. साईट कशी बदलली, परदेशी लोक कसे बेजबाबदार, आपल्या हातात कसं काही नसतं.

“आवं भाऊसो, तुमचा किती भिजला?” मी विचारलं.

“माजा? माजा कशाला भिजल?” भाऊसो म्हणाला. “पाच तारखेलाच सांजच्याला ताडपत्र्या उचलून न्हेल्या की मी. आभाळ कसं भरल्यालं, गुरं कशी बिथरल्याली. मागनं सगळीच आली न्ह्याया. अठराच्या अठरा सरल्या.”

“पण फळ्यावर तर...”

“फळ्याचं व्हय?” भाऊसोनं फळ्याकडे बघितलं, जणू तो तिथं आहे हे त्याला आत्ताच आठवलं. “फळा आमी वाचतो की. रोज वाचतो. लय झ्याक काम करतोस तू. पर आमी बघतो वर, गड्या. फळा बघून कोण शेड झाकतंय व्हय?”

मानसिंग चपलेकडे बघत म्हणाला, “मी तुज्या आक्काला इचारलं हुतं. दोन राखून ठेवल्या हुत्या तिच्यासाटनं. म्हणलं, आक्का, न्हे ताडपत्र्या, समदी न्ह्यायला लागल्यात. तर ती म्हणाली, नगं, आमच्या नागूनं पाऊस न्हाई म्हणून लिवलंय. मग त्या दोन मी दुसऱ्याला दिल्या.”

तीन महिने मी हे समजत होतो की गाव माझ्या आकड्यांवर चालतं. गाव माझे आकडे वाचत होतं, मला शाबासकी देत होतं आणि मग आभाळाकडे बघून आपलं आपलं ठरवत होतं. कुणी मला फसवलं नव्हतं. मला कुणी कधी विश्वास ठेवतो असं सांगितलंच नव्हतं. माझ्यावर विश्वास ठेवणारं माणूस अख्ख्या गावात एकच होतं आणि ते शेडमध्ये काळे मणी निवडत बसलं होतं.

शेडमध्ये आंबूस वास सुटला होता. खालच्या चार जाळ्या पूर्ण गेल्या होत्या, वरच्या निम्म्या. आक्का पोत्यावर बसून सूप घेऊन निवडत होती. एका बाजूला काळ्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला मूठभर पिवळे. तिनं वर बघितलं, मी आलोय एवढं बघितलं आणि पुन्हा हात चालू केला.

मी तिला सांगायला लागलो. पान कसं बदललं, आकड्यांच्या जागी चित्रं कशी आली, प्रोग्रामला चित्रं कशी वाचता येत नाहीत. तिला यातलं काही कळत नव्हतं आणि तिला कळत नाही याचा मला आधार वाटत होता. बोलता बोलता मी चार ओळींपाशी आलो आणि थांबलो. ती चूक साईटची नव्हती. साईटनं थेंबसुद्धा दाखवले होते.

“म्हंजी मशिनीला ठाव नव्हतं?” आक्कानं विचारलं.

“नव्हतं.”

“कवापास्नं?”

“दोन तारखेपासून.”

“मग ठाव न्हाई म्हणून का न्हाई सांगितलं तिनं?”

“मीच तसं सांगायचं बंद केलं होतं.”

“का रं?”

मी काळ्या ढिगातला एक मणी उचलला. तिनं हात थांबवला.

“का रं नागू?”

“मागं एकदा लिहिलं होतं तर हसले होते, आक्का. भाऊसो, सगळे. पायऱ्यांवर बसून.”

आक्का माझ्याकडे बघत राहिली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिच्या तोंडावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, की एवढी साधी गोष्ट आणि ती आपल्याला इतका वेळ दिसली नाही.

“तुला हसत्यात म्हणून माजा माल भिजवलास व्हय रं?” ती म्हणाली.

मला लाज वाटली. साईटवाल्यांना, परीक्षकांना, भाऊसोला, त्या डोळा मारणाऱ्या सूर्याला इतके दिवस नावं ठेवण्यात जी अक्कल मी खर्च केली, तिचा एक दाणासुद्धा मला त्या क्षणी उपयोगी पडला नाही. मी खाली बसलो आणि दुसरं सूप ओढलं. अंधार पडेपर्यंत आम्ही निवडत होतो. जयंतीच्या खिरीपुरते पिवळे निघाले, शेरभर. पेटी भरण्याइतके निघाले नाहीत.

“निम्मी बाग हाय अजून,” उठताना आक्का म्हणाली. स्वतःलाच म्हणाली असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोसायटीत गेलो. मानसिंगनं फळा पुसून ठेवला होता आणि खडू हातात घेऊन माझ्याकडे बघत होता. सांगलीला फोन करून मिस्बाहला विचारावं म्हणून दोनदा नंबर फिरवला, पण सुट्टीचा दिवस, लॅबमध्ये फोन उचलायला कुणी नव्हतं. मी मानसिंगच्या हातातून खडू घेतला आणि स्वतः लिहिलं.

‘आज माहिती नाही. दोन ते सात तारखेपर्यंत इथं लिहिलेले आकडे जुने होते. चूक माझी. नागसेन जालिंदर कांबळे.’

“येवढं कशाला लिवतोस?” मानसिंग म्हणाला. “रोजच्यावानी एकांदा आकडा टाक की. कोण इचारतंय?”

खरं होतं, कुणीच विचारत नव्हतं. भाऊसो आला, पायरीवर टेकून त्यानं फळा सावकाश वाचला आणि म्हणाला, “अक्षर झ्याक हाय तुजं.” आणखी दोघेतिघे आले. वाचलं, मान हलवली, खताच्या पावत्या घेतल्या, निघून गेले. एवढ्या मोठ्या फळ्यावर मी जाहीर माफी मागितली होती, आणि ज्यांच्याकडे मागितली त्यांना माझी चूक झाल्याचं कधी जाणवलंच नव्हतं. हसण्याइतकंही कुणाला त्यात काही सापडलं नाही. ज्या हसण्यापायी मी हे सगळं करून बसलो होतो, ते हसणं एवढंसं होतं, एका सकाळचं.

मग आक्का आली. डोक्यावर पदर, हातात विळा, बागेकडे निघालेली. ती पायऱ्या चढून वर आली. तिची शाळा चौथीपर्यंत. ती फळ्यापाशी उभी राहिली आणि एकेक शब्द ओठांनी लावत वाचायला लागली. आज... माहिती... नाही. पुढचं सगळं वाचलं. माझं नाव वाचलं, वडिलांचं वाचलं. मी शेजारीच उभा होतो, पण तिनं माझ्याकडे काही बघितलं नाही.

वाचून झाल्यावर ती मानसिंगच्या टेबलापाशी गेली.

“ताडपत्र्या किती हायती?” तिनं विचारलं.

“समद्या परत आल्यात. अठरा.”

“चार दे. आज घड कापतीया मी.”

“आवं आक्का, आज तर ऊन हाय चांगलं,” मानसिंग म्हणाला. “आन फळ्यावर पावसाचं काय लिवल्यालं न्हाई.”

“वाचलं मी,” आक्का म्हणाली. “ठाव न्हाई म्हणलंय न्हवं त्यानं? मग दे.”

मानसिंग उठून आत गेला. आक्का माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “चार एकटीला जड व्हतील. दोन तू घे.”